चिटणिसाचा चेहरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्तमानपत्रातल्या जुन्या मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण देत बसत नाही. सांगतो.

दुबईत मी एका माहितीपट करणाऱ्या कंपनीत संहिता लिहितो. त्याआधी मुंबईत बातमीदार होतो. कोण, कुठे, केव्हा — आणि स्वतःला मजकुराबाहेर ठेवायचं, हे तिथे शिकलो. ही शेवटची सवय पुढे फार उपयोगी पडली.

आखाती किनाऱ्याच्या इतिहासावर आम्ही मालिका करत होतो. त्यातला एक भाग इराणच्या एका सफवी वजिरावर होता. करवसुलीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेला माणूस. मग किनाऱ्याचा सुभेदार, मग शहाचा वजीर. सरहद्दीवरच्या पराभवाची बातमी दडवली, असा आरोप आला आणि शहाने त्याला ठार करवलं. त्याने बातमी दडवली नव्हती. दरबारच्या चिटणिसाला त्याने ती वेळेवर सांगितली होती. शहाने विचारलं तेव्हा चिटणीस म्हणाला, माझ्यापर्यंत काही आलं नाही. पुढे तोच वजीर झाला.

हे सगळं शोधून काढलं आमच्या कंपनीतल्या संशोधक वृंदाने. मराठ्यांच्या इतिहासासाठी ती पुण्यात फारसी शिकली होती. आमच्याच इमारतीत, अल कुसैसला राहायची. नवऱ्याची नोकरी सुटलेली, त्यामुळे तो आणि मुलगी दोघंही तिच्या व्हिसावर. हे मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

वजिराचं एकच चित्र सापडलं होतं. रंग उडालेले, नाक बसकं, एक डोळा जवळजवळ पुसलेला. त्याच संग्रहात दुसरं एक चित्र होतं — भरघोस मिशा, शांत नजर, पाहताच विश्वास बसावा असा चेहरा. करामा भागातल्या एका खानावळीत वृंदा आणि मी जेवायला गेलो होतो, तेव्हा ते मी तिला फोनवर दाखवलं.

"अहो सर, हा तो नाही. हा चिटणीस!" बोटं आमटीने भरलेली, म्हणून करंगळीने तिने चित्राखालची फारसी ओळ दाखवली. "खुन्यालाच हार घालताय तुम्ही."

आम्ही दोघंही हसलो. आणि मी तेच चित्र लावलं. पडद्यावर ते बरं दिसत होतं. तीनचारशे वर्षांपूर्वीचा माणूस कोण ओळखणार?

ज्या संस्थेसाठी काम चाललं होतं, तिच्या इराणी सल्लागाराने पहिल्याच खेळाला चिटणीस ओळखला. दुसऱ्या दिवशी बैठक. चित्र कुणी निवडलं, कंपनीच्या साहेबांनी विचारलं. सगळे वृंदाकडे बघायला लागले, कारण पडद्यावर संशोधन तिच्या नावावर होतं.

"मी सरांना सांगितलं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत — "सर, करामात, जेवताना. आठवतंय ना?"

इतका वेळ मी याच वाक्याभोवती फिरतोय, नाही का? मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही."

इंग्रजीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळेल. आवाज शांत होता. ती खोटं बोलतेय, असं मी म्हटलं नाही — तेवढी गरजच नव्हती. न आठवणं कुणाला खोडून काढता येतं? बातमीदार असताना कितीतरी पुढाऱ्यांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं होतं, आणि दरवेळी किळस आली होती. ते तोंडातून इतकं गुळगुळीत बाहेर पडतं, हे मात्र त्या दिवशी कळलं.

"खलास," साहेब म्हणाले. बैठक संपली.

तिची नोकरी गेली, पाठोपाठ तिघांचे व्हिसा. मुलीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटली. निघायच्या आदल्या दिवशी बायकोने त्यांना जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी होती. तिचा नवरा म्हणाला, "सर, तुमच्यासारखा माणूस ऑफिसात होता, म्हणून हिला तिथे आधार वाटायचा." म्हणजे तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मी ताटात बघत होतो.

"वहिनी, सरांना श्रीखंड वाढा अजून," वृंदा म्हणाली. "आवडतं त्यांना. माझ्या चांगलं लक्षात आहे."

बायकोने वाढलं. आणि मी — मी ते खाल्लं. वाटी पुसून खाल्लं. हातसुद्धा थांबला नाही.

भाग दुरुस्त झाला. आता त्यात पुसट डोळ्याचा खरा वजीर आहे. मी त्या विभागाचा प्रमुख आहे. गेल्या महिन्यात माझ्या मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो भाग बघायचा होता. आम्ही शेजारी बसून पाहिला.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड टु द गाय हू लाइड?"

"तो वजीर झाला."

"दॅट्स डिस्गस्टिंग. सो हू फाउंड आउट?"

"रिसर्च टीमने," मी म्हणालो. पडद्यावर तेव्हा नावं सरकत होती. संशोधनाच्या खाली माझं नाव आलं आणि गेलं.

करामातलं ते टेबल मला आठवतं. तिची करंगळी, ती ओळ, तिचं हसणं. त्या बैठकीतही आठवत होतं.