काकांनी पकडलेला विषाणू

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचं कुलपांचं दुकान आहे. एकाच कुलपावर भरवसा ठेवणारा माणूस त्यांच्या मते एकतर साधू असतो नाहीतर मूर्ख. त्यांच्या स्वतःच्या दाराला तीन कुलपं आहेत. तिन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतात आणि ते जुडगं महिन्यातून दोनदा दुकानात राहतं.

अशा घरात कॉम्प्युटर आल्यावर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. काकांनी आधी एक अँटिव्हायरस घातला. मग त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा. त्या दोघांचं आपसात जमेना म्हणून तिसरा. आता सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकायची, चहा प्यायचा, तेव्हा कुठे पडद्यावर बाण दिसायचा, आणि तोही जागचा हलायचा नाही.

"काका, दोन काढून टाका. पळायला लागेल," मी एकदा म्हटलं.

"पळेल ना. आणि मागोमाग चोरही पळत येईल."

मी नाद सोडला.

माझ्या बाबांनी मात्र सोडला नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. कुठलीही वस्तू उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरवरही ते आतून उघडून पाहता येणाऱ्या लिनक्सवाले. काकांचं विंडोज त्यांना डोळ्यांसमोर नको. उलट काका म्हणायचे, "तुमच्यात व्हायरस शिरत नाही, कारण शिरून करणार काय? तुम्हालाच तिथे काही सापडत नाही." दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. जेवायला त्यांना शेजारी बसवायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम होता.

काकांचं एक दुःख मात्र खरं होतं. अकरा वर्षांत तीन अँटिव्हायरसपैकी एकानेही एक व्हायरस पकडला नव्हता. रोज तेच, 'शून्य धोके आढळले'. बाबा त्यावर मीठ चोळायचे. "काय साडूभाऊ, आला का कोणी? की तुमच्याकडे पाहुणेच फिरकत नाहीत?"

मावशी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, लग्नाच्या तीन वर्षं आधीपासून. निवृत्तीच्या दिवशी दुपारी दोनला तिचं शेवटचं व्याख्यान होतं. त्यासाठी चार महिने खपून तिने ऐंशीच्या वर चित्रं जमवली होती, कितीतरी स्वतःच्या हाताने काढलेली. चौतीस वर्षांचं शिकवणं एका तासात नीट मांडायचं, एवढीच तिची इच्छा होती. जुने विद्यार्थीही यायचे होते. मी सकाळीच तिच्याकडे पोहोचले होते.

ती आंघोळीला गेली आणि काकांनी तिचा पेन ड्राइव्ह तपासायला घेतला. आत एकच फाइल. नाव, 'विषाणू अंतिम'.

"सापडला!" काका इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातून चहाचं गाळणं पडलं. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत कारभार आटोपला होता. नुसतं पुसून त्यांचं भागलं नव्हतं. तिसऱ्या अँटिव्हायरसमध्ये फाइलचा कायमचा चुरा करायची सोय होती, ती त्यांनी सात वेळा वापरली. मग कॉम्प्युटरवर त्याच नावाचं पिल्लू निघालं, त्याचाही चुरा केला. इंटरनेटवर तर त्यांनी मावशीला काही ठेवूच दिलं नव्हतं.

"तिघांच्या नाकाखालून गेला होता," काका मला म्हणाले. "मी पकडला."

मावशी केस पुसत बाहेर आली. काकांनी तिलाही ते अभिमानाने सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, मी जीवशास्त्र शिकवते."

काकांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा एवढा मोठा माणूस एवढासा झाला. मला त्यांचा संताप आला होता, पण ते तोंड बघवेना. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बाबांना फोन लावला. "साडूभाऊ, या. तुमचं ते लिनक्स घेऊन या."

बाबा लगेच आले. चेहरा दुःखी ठेवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं तासभर धावली, पण हाती काही लागलं नाही.

"सात वेळा?" बाबा म्हणाले. "एकदा पुरलं असतं हो. लिनक्सवर ही वेळच आली नसती."

"लिनक्सवर तिला चित्रं तरी लावता आली असती का?"

झालं. एक वाजून गेला तरी कोणती सिस्टीम बरी हेच चाललेलं. मावशीने पर्स उचलली, "तुमचं झालं की दार लावून या," म्हणाली आणि गेली. काका तीन कुलपं लावेपर्यंत आम्हाला उशीर झालाच. आम्ही तिघं शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

वर्ग गच्च भरला होता. मावशी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती आणि पहिलंच चित्र पुसून पुन्हा काढत होती. माझा जीव तुटत होता. पण हळूहळू तिचा आवाज लागला. विषाणू कसा शिरतो, शरीराचे पहारेकरी त्याला कसे ओळखतात, सगळं तिने फळ्यावर काढलं. मग म्हणाली, "कधी कधी हे पहारेकरीच चुकतात. घरच्याच पेशीला शत्रू समजतात आणि तिचा नाश करतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वाटतं, आपण राखण करतोय."

"मॅडम, याला औषध काय?" एका मुलीने विचारलं.

"पुरतं बरं होत नाही. सांभाळून घ्यावं लागतं." तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "मी एकतीस वर्षं घेतेय."

काकांचे डोळे भरून आले. बाबांनी एकही टोमणा मारला नाही. खिशातून रुमाल काढून त्यांनी साडूभाऊंपुढे धरला. काकांनी तो घेतला, दोन्ही बाजूंनी नीट तपासला आणि मगच डोळ्यांना लावला.