रविवारचा आकडा

आरोग्य केंद्रात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. डॉक्टरबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांसाठी तो 'चार डिग्री'. केंद्राच्या मागच्या खोलीत लसींचा फ्रिज होता आणि तो सांभाळायचं काम नऊ वर्षं याच्याकडे. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला फ्रिजमधला थर्मामीटर बघायचा, दारावर टांगलेल्या तक्त्यात आकडा लिहायचा, पुढे सही ठोकायची. दोनच्या खाली जायचं नाही, आठच्या वर जायचं नाही. "काय, कसं काय?" असं कुणी विचारलं की गडी म्हणणार, "चार डिग्री. मजेत." बायको वैतागून म्हणायची, "अहो, एक दिवस माझ्या चहातसुद्धा थर्मामीटर बुडवाल तुम्ही." त्यावर हा खूश. असल्या माणसांना टोमणाही कौतुकासारखाच लागतो.

त्याचा दुसरा जीव चर्चमध्ये. रविवारी सकाळी सातला दार उघडायला हा, बाकांवर गीतांची पुस्तकं मांडायला हा, उपासनेत मंडळीसाठी प्रार्थना करायला हा, दुपारी मुलांचा वर्ग घ्यायला हा, आणि संध्याकाळी दिवे मालवायलाही हाच. मंडळीत काही जणांचा लसीवर राग होता. प्रभू राखतो, मग लेकरांना सुया कशाला टोचायच्या, असं ते म्हणत. एकदा सभेत हा उठून उभा राहिला. म्हणाला, "ताप आला की आपण कपाळाला हात लावतो. तो हात देवानं दिला, तसं थर्मामीटर बनवणाऱ्याला डोकंही त्यानंच दिलं. मोजणं म्हणजे अविश्वास नव्हे." पाळकसाहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी याची छाती चांगली फुगली होती.

आणि खरं पाणी मुरत होतं ते इथंच. रविवारी केंद्र बंद असे. फ्रिज मात्र चालू, म्हणून रविवारीही दोनदा येऊन आकडा लिहायचा नियम होता. सुरुवातीला काही महिने तो इमानानं गेला. मग एका रविवारी जमलं नाही, सोमवारी मागचा रकाना भरून टाकला. पुढे पुढे तर शनिवारी निघतानाच रविवारचे दोन्ही रकाने भरायला लागला. चार, चार. मी प्रभूच्या घरी सेवेत आहे, तेवढा वेळ फ्रिजकडे तो बघेल, अशी मनाची समजूत. शोभतं का हे? ज्यानं भर सभेत मोजण्याची थोरवी गायली, तोच आठवड्यातला एक दिवस देवाच्या गळ्यात घालून मोकळा होत होता. नऊ वर्षांत काही बिघडलं नाही, तेव्हा त्यालाही ते वावगं वाटेनासं झालं.

त्या वर्षी पलीकडच्या वस्तीत डांग्या खोकल्याची साथ आली. दोन महिन्यांचं एक बाळ दगावलं. मंडळीतल्या शिंपीणबाईंची धाकटी तेवढीच होती, आणि बाईंची सासू सुईच्या साफ विरोधात. चार डिग्री मुद्दाम तिच्या घरी गेला. खिडकीपाशी मशीन, मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक, मांडीवर बाळ. शिंपीण म्हणाली, "दादा, मला त्यातलं काही कळत नाही. सासूबाई म्हणतात प्रार्थना पुरे. डॉक्टरबाई म्हणतात लस हवीच. मी कुणाचं ऐकू?"

"दोघींचं ऐक," हा म्हणाला. "प्रार्थना कर आणि लसही दे. अगं, मी स्वतः रोज मोजतो. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आणते मंगळवारी."

त्या शनिवारी उकाडा मरणाचा होता. संध्याकाळी पाचला फ्रिजचा काटा सातावर गेला होता. चार डिग्रीनं फ्रिजची कळ थंडाव्याकडे चांगली दोन घरं फिरवली. अशी कळ फिरवली की तासाभरानं परत बघायचं असतं, हे त्याला झोपेतही ठाऊक. पण चर्चमध्ये गाण्याचा सराव होता आणि पेटीची किल्ली याच्या खिशात. त्यानं घाईघाईनं रविवारचे चार, चार लिहिले आणि सायकलवर टांग टाकली.

सोमवारी सकाळी बघतो तर काटा एकावर. पण नजर वर तक्त्याकडे गेली आणि तिथं रविवार संध्याकाळ, चार डिग्री, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. म्हणजे रातोरात थोडंसं उतरलं असणार, शून्याच्या खाली काही गेलं नसेल, असा त्यानं हिशेब मांडला. स्वतःच्या हातानं लिहिलेली थाप, आणि ती खरी धरून हा निर्धास्त झाला. कळ मागे फिरवली, दहा वाजता काटा तिनावर आला, तेव्हा तीन लिहिलं. कुणाला काही बोलला नाही. मंगळवारी चौदा बाळांना लस टोचली गेली. शिंपिणीची धाकटी चौथी होती. रडली, आणि लगेच गप्प झाली.

गुरुवारी फ्रिज पुसताना मागच्या कप्प्यातली खूणपट्टी त्याच्या हातात आली. ही पट्टी त्याच वर्षी नव्यानं आली होती. फ्रिज शून्याच्या खाली गेला की तिच्यावरची बरोबरची खूण जाऊन फुली उमटायची, आणि उमटली की परत जायची नाही. तिच्यावर फुली होती. ही लस उष्णतेपेक्षा गोठण्याला जास्त भिते. एकदा गोठली की संपली. टोचली तर अपाय नाही, पण गुणही नाही.

तो पट्टी घेऊन डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी पट्टी पाहिली, मग तक्ता मागवला आणि बोट फिरवत आठवडा वाचला. "शुक्रवार पाच, शनिवार सात, रविवार चार-चार, सोमवार तीन. यात गोठणार कधी?" त्या हसल्या. "पट्टीच खराब आलीय. तुमच्या तक्त्यापुढे पट्टीचं काय घेऊन बसलात? द्या टाकून."

चार डिग्रीला एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, रविवार खोटा आहे. चार शब्द. ते बाहेर येईनात. तो मागच्या खोलीत परत आला आणि स्टुलावर बसून राहिला. सुटका समोर उघडी पडली होती, आणि ती आपल्याला हवीशी वाटतेय याचीच त्याला शिसारी आली.

पट्टी काही त्याच्यानं टाकवेना. लस गोठली होती की नाही हे ताडायची एक साधी रीत आहे. ती त्याला येत होती. मंगळवारच्या लसीच्या खोक्यातली एक बाटली त्यानं मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात टाकली, शुक्रवारी सकाळी काढून वितळू दिली. दुसरी फ्रिजमधली, जशीच्या तशी. दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून हलवल्या आणि खिडकीतल्या उजेडात टेबलावर उभ्या केल्या. चांगली लस दुधासारखी पांढुरकी राहते, गाळ सावकाश बसतो. गोठलेलीचा चोथा भराभर तळाला जातो, वर निव्वळ पाणी राहतं.

त्यानं डोळे मिटले. प्रभू, दुसरी बाटली हळू बसू दे. एवढ्या वेळी ऐक. मी पुन्हा असं करणार नाही, कानाला खडा. लेकरांसाठी ऐक. असं म्हणाला खरं, पण डोळे मिटल्या मिटल्या त्याला कळत होतं की हे लेकरांसाठी नाही, आपल्या कातडीसाठी चाललंय. डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाटल्यांत तळाशी सारखाच पांढरा थर आणि वर सारखंच पाणी होतं. त्यानं पुन्हा हलवल्या. पुन्हा तेच. देवानं त्याचं ऐकलं नाही असं त्याला वाटलं नाही. उत्तर तर समोर टेबलावर उभंच होतं, आणि ते दुसरं काहीतरी निघावं म्हणून आपण देवाला गळ घालत होतो, याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं टेबलावर डोकं टेकलं.

मग दोन्ही बाटल्या घेऊन तो डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कळ, सराव, सोमवारचं एक, आणि रविवार.

"किती रविवार?" बाईंनी विचारलं.

"पहिले काही महिने सोडून सगळे."

"नऊ वर्षांचे?"

त्यानं मान डोलावली. बाईंनी दोन्ही बाटल्या स्वतः हलवून पुन्हा उजेडात धरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "दुसरा माणूस येईपर्यंत आकडे तुम्हीच घ्याल," त्या शेवटी म्हणाल्या. "रविवारीसुद्धा. माझीही सही होईल. पुढचं वरचे लोक ठरवतील. आणि चौदा घरी तुम्ही जायचं. कारण सांगायचं, खरं."

तो गेला. शनिवारी संध्याकाळपर्यंत तेरा घरं झाली. एका बापानं तोंडावर दार लावलं आणि मग परत उघडून तारीख विचारून घेतली. एका आजीनं पाणी दिलं. सगळे पुढच्या मंगळवारी येतो म्हणाले. चौदावं घर त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

शिंपिणीनं मशीन थांबवून सगळं, पट्टीसकट, ऐकून घेतलं. आतल्या दारात सासू येऊन उभी राहिली.

"तुम्ही म्हणाला होतात, रोज मोजता," शिंपीण म्हणाली.

"खोटं बोललो. रविवारी मोजत नव्हतो."

"रविवारी मी तुमच्या मागच्याच बाकावर होते, दादा. हिला घेऊन. तुम्ही प्रार्थना केलीत. मंगळवारी ज्या लेकरांना लस मिळणार त्यांना सांभाळ, म्हणालात. मी आमेन म्हटलं." तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "त्याच वेळी ती गोठत होती ना?"

"हो."

"आता जा तुम्ही," ती म्हणाली. मंगळवारी येते की नाही, ते तिनं सांगितलं नाही. पलीकडच्या वस्तीतली साथ अजून सरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चच्या किल्ल्या पाळकसाहेबांच्या घरी देऊन तो केंद्रावर आला. घंटा वाजली, ती दुसऱ्या कुणाच्या हातची होती. नऊ वाजता त्यानं फ्रिज उघडला तेव्हा मागे चपला वाजल्या. शिंपीण होती. काखेत धाकटी, आणि बोटाला धरलेली मोठी, पाच वर्षांची.

"मला स्वतःला बघायचंय," ती म्हणाली. त्यानं बाजूला होऊन काटा कसा वाचायचा ते दाखवलं. तिनं वाकून नीट पाहिलं.

"पाच."

"पाच," तो म्हणाला.

"लिहा. माझ्यासमोर." त्यानं लिहिलं. "मंगळवारी टोचायच्या आधी पुन्हा बघेन मी. मग ठरवेन." मग ती जरा थांबली. "मोठीला लस दिली ती हिच्याएवढी असताना, सासूबाई आमच्याकडे राहायला यायच्या आधी. तेव्हाही हाच फ्रिज होता ना? तेव्हा ही पट्टीबिट्टी होती का?"

"नव्हती."

"मग ते कागद काढा."

कपाटातून त्यानं जुनी फाइल काढली, पाच वर्षांपूर्वीचं पान उलगडून टेबलावर ठेवलं आणि तिनं सांगितलेल्या मंगळवारच्या आधीच्या रविवारावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "इथं किती होतं, खरं सांगा."

"माहीत नाही, ताई."

मोठी टेबलाला हनुवटी टेकून उभी होती. ती नुकतीच आकडे शिकली होती, आणि ओळखीचा आकडा दिसल्यावर तिला राहवेना. तिनं पानावरच्या लाल छापलेल्या रविवारांवर बोट ठेवलं आणि रविवारमागून रविवार मोठ्यानं वाचायला लागली. "चार. चार. चार. चार." पान संपलं तसं तिनं स्वतःच पुढचं उलटलं आणि पहिल्या रविवारपासून पुन्हा सुरू केलं. तिच्या आईनं तिला थांबवलं नाही.