किम सरांच्या टोपीवरचं हळद-कुंकू

मित्रांनो, आज चाकणला आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तिकडे कोरियात एक बेसबॉलची टीम हरल्याचं कळलं आणि मी डबा अर्धाच बंद केला. बेसबॉल मला कळत नाही, हे आधीच सांगतो.

आमचे मॅनेजर किम सर कोरियाचे. त्यांच्या गावची टीम यंदा सीझनभर जोरात होती. दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली, तेव्हा सरांनी टीमची टोपी आणून मशीनवर ठेवली. आम्ही तिलाही हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. टीम फायनलला गेली की सर सुट्टी टाकून घरी जाणार होते, वडिलांच्या शेजारी बसून मॅच बघायला.

आज फायनलच्या आधीच्याच फेरीत टीम बाहेर पडली. सरांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

मी म्हटलं, "सर, मॅच नसली तरी घरी जाऊन या ना."

ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "मॅच नहीं, तो पापा से क्या बात करूँ?"

माझे वडील, अण्णा, लातूरला असतात. आमचाही फोन दोन प्रश्नांत संपतो. जेवलास का? शिफ्ट कुठली?

मगाशी रूमवर आल्यावर अण्णांना फोन लावला. दोन्ही प्रश्न झाले. ते ठेवणार तेवढ्यात मी घाईघाईनं किम सरांची सगळी गोष्ट सांगून टाकली.

अण्णा म्हणाले, "आन् ते लेकरू आता घरी कधी येणार?"

किम सर पन्नाशीला टेकलेत.

तुम्ही शेवटचे घरी कधी गेला होतात?