दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

नथूला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी आमलीच्या कारखाना वस्तीत शेवटी मी एकटीच उरले. माझी खानावळ होती. शहाद्याकडचे गोकुळ आणि नथू हे भाऊ माझ्याकडे दोन्ही वेळ जेवायचे. तोंडवळा इतका सारखा, की भाजी कुणाला वाढली याचा मला घोळ व्हायचा. सूत कारखान्यात नोकरी एकट्या गोकुळची. तो गावी गेला की त्याच्या गेटपासवर नथू कामावर जायचा. बदली म्हणायचे त्याला. सगळेच करायचे, सुपरवायझर काणाडोळा करायचा.

स्वभावाने मात्र दोघं दोन टोकं. रविवारी नथू दमणगंगेत असा पोहायचा, की पुलावरची माणसं थांबून बघायची. गोकुळ काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचा.

अठ्ठ्याऐंशी साल सरता सरता छाया नावाची मुलगी मुंबईहून आली. घर सोडून आलेल्या कामगारांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा संस्थेची. माझ्याच बाकावर बसून विचारायची. झोप लागते का, जेवण जातं का, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते.

"पाण्याची," गोकुळ म्हणाला. "पाणी दिसलं का पाय गळतात."

"हा घागरीलाही भितो, ताई!" नथू शेजारून खिदळला.

काही आठवड्यांनी येऊन पुन्हा हेच विचारणार, असं छाया म्हणाली. कशाला? तर आपलं माप भरवशाचं आहे का ते बघायला. "मावशी, तीच साखर तराजूत पुन्हा टाकली तर काटा तिथेच थांबायला हवा ना?" मी म्हटलं, "बाई गं, साखर जागच्या जागी असते."

संक्रांतीला गोकुळ गावी गेला आणि काविळीने तिथेच वारला. त्याच्या पासवर नथू कामावर होताच, तो गोकुळ म्हणूनच राहिला. कारखान्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि गावी गोकुळच्या बायकोची, दुर्गावहिनीची, चूल विझली असती. तिच्या पदरात शाळकरी मुलगा ललित होता.

मग छाया आली. "गोकुळभाऊ, बसा." नथू बसला. पलीकडे कारखान्यातलीच माणसं जेवत होती.

"भीती कशाची वाटते?"

माझ्या हातातली पळी थांबली.

"पाण्याची. पाणी दिसलं का पाय गळतात."

आवाजसुद्धा गोकुळचा. मी शहारले. छाया मात्र खूश. "शब्दाला शब्द जुळला, मावशी. माप एकदम पक्कं!" अशी चीड आली मला त्या मापाची! मेलेला माणूस समोर बसून उत्तरं देतोय, आणि हिचा काटा जागचा हलत नाही. पण दुर्गाच्या चुलीपायी मी तोंड मिटून घेतलं.

त्या रविवारपासून नथू पोहायला जाईना. म्हणायचा, "कोणी पाहिलं तर? गोकुळला पोहता येत नाही."

शहाण्णवला कारखाना बंद पडला. तोवर ललित कमावता झाला होता. मला तर आनंदच झाला. "सुटलास रे नथू! आता कुणाची चोरी?" म्हणत मी त्याला भर दुपारी दमणगंगेवरच्या अथालच्या पुलाखाली ओढत नेलं. त्याने सदरा काढला, पाण्यात पाऊल टाकलं. पाणी घोट्याला लागताच तो मागे फिरला आणि माझा दंड घट्ट धरला.

"अरे, इथे कोणी नाही. नाटक कशाला?"

"नाटक नाही, मावशी. पाणी दिसलं का पाय गळतात."

मग तो काठावर बसला. स्वतःचाच सदरा मांडीवर घेऊन, पोहायला गेलेलं कुणी परत येईल म्हणून पाण्याकडे बघत राहिला.