मी ‘अवघड आहे’ म्हणाले होते

हॉलंडमधल्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी मला एक टेबल दाखवलं, एक कॉम्प्युटर दाखवला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मी वाट बघत बसले. जालन्याच्या ज्या बियाणे कंपनीतून मी आले होते, तिथं नव्या माणसाला साहेब केबिनमध्ये बोलावायचे, काम सांगायचे, वर दोन गोष्टी सुनावायचे, मग माणूस बाहेर येऊन कामाला लागायचा. इथं केबिनच नव्हती. आमच्या विभागाचा प्रमुख माझ्याच वयाचा, उंच, सायकलवरून येणारा माणूस. तो समोरच्या टेबलावर बसायचा आणि सगळे त्याला नुसत्या नावानं हाक मारायचे. मला ते जमेना, म्हणून मी त्याला हाकच मारत नसे.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. आमच्या कंपनीचा या डच कंपनीशी भाज्यांच्या बियाण्यांचा करार झाला होता, आणि मराठवाड्यातलं हवामान माहीत असलेलं कुणीतरी दोन वर्षांसाठी त्यांना हवं होतं. ज्या दोघांना आधी विचारलं त्यांनी घरची अडचण सांगितली, मग माझ्यावर आलं. माझे वडील, अण्णा, अंबड डेपोला कंडक्टर होते. नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा विषय काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोन वर्षांत लग्न कुठं पळून चाललंय?"

रविवारी मी फोन करायचे. डेपोसमोरच्या एसटीडी बूथवर अण्णा आधीच येऊन बसलेले असत.

"साहेब कसाय तुझा?"

"साहेब म्हणून कुणी न्हाईच इथं, अण्णा."

"मंग काम कोण सांगून राह्यलं?"

"कुणीच न्हाई."

"मंग दिवसभर तू काय करून राह्यली?"

दिवसभर मी जुने अहवाल वाचत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाई, आईच्या वयाच्या, मी आले की हसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. जेवायच्या सुटीत सगळे त्यांच्या भाषेत गप्पा मारायचे. माझ्याकडं लक्ष गेलं की सभ्यपणानं इंग्रजीवर यायचे, आणि मग गप्पाच थांबायच्या. पुढं पुढं मला वाटायला लागलं की मी टेबलावर नसले तरच यांचं जेवण नीट होईल.

कॉफीचं तर आणखीच वेगळं. कुणी ना कुणी सारखं सगळ्यांना कॉफी आणून द्यायचं, मलाही. मला वाटलं, परक्या मुलुखातली पोर म्हणून माया करतायत. महिनाभरानं शेजारच्या बाईंनी विचारलं, "तू कधी आणणार आहेस?" तिथं तसा रिवाज होता. जो उठेल त्यानं सगळ्यांसाठी आणायची. महिनाभर मी सगळ्यांच्या हातची कॉफी पीत बसले होते आणि सगळ्यांच्या ते लक्षात आलेलं होतं.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. खोलीवर जाऊन मी आमच्या जालन्याच्या ऑफिसातला चहा आठवत बसले. तो न मागता टेबलावर यायचा, आणि कुणी आणायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीत मीटिंग झाली. टोमॅटोचं एक नवं वाण आमच्याकडं, अंबड तालुक्यात लावून बघायचं ठरत होतं. त्यांना ऑगस्टच्या आत निकाल हवा होता, कारण ऑगस्टमध्ये त्यांची वरची बैठक असायची. म्हणून रोपं मार्चमध्ये शेतात लावायची. मी हिशेब केला, एप्रिल-मेमध्ये फूल येणार. आमच्याकडं त्या दिवसांत डांबर पायाला चिकटतं. त्या उन्हात टोमॅटोचं फूल गळून जातं, फळ धरतच नाही.

प्रमुखानं विचारलं, "तुझं मत?"

मी म्हणाले, "थोडं अवघड आहे."

"पण होईल?"

"प्रयत्न करता येईल. पण अवघड आहे."

"छान," तो म्हणाला, आणि पुढचा विषय सुरू झाला.

आमच्याकडं वरच्या माणसाला ‘अवघड आहे’ म्हटलं की त्याला कळतं. तो थांबतो, चष्मा काढतो, "मग काय म्हणता?" असं विचारतो. मी दोनदा म्हटलं होतं. जरा जोर देऊनही म्हटलं होतं. कुणीही थांबलं नाही.

मेच्या शेवटी प्रमुख चाचणीचा प्लॉट बघायला भारतात निघाला आणि त्यानं मला बरोबर घेतलं. मी खूष होते. आपल्या ऑफिसात आपण जाणार, इतके दिवस तोंड मिटून बसावं लागलं, आता तरी आपली माणसं भेटतील. जालन्याच्या ऑफिसात हारतुरे झाले. हार त्याच्या गळ्यात. आमचे जुने साहेब त्याचा हात हातात धरून फिरले, आणि मला म्हणाले, "मॅडम, त्यांना काय लागतं ते बघा जरा. तिखट चालत नसेल." ज्या टेबलावर मी चार वर्षं काढली तिथं आता दुसरा मुलगा बसला होता. तो माझ्याशी इंग्रजीत बोलला.

प्लॉट अंतरवाली सराटीला होता. शेतकरी साठीचे, पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल. त्यांनी एक एकर कंपनीला प्लॉटसाठी दिलं होतं. झाडं गुडघ्याएवढी झाली होती, हिरवीही होती, पण फळ शोधून सापडत नव्हतं. वाळलेली फुलं सरीत पडली होती. प्रमुख उकिडवा बसला, पानं उलटीपालटी करून बघितली. उन्हानं त्याची मान लालभडक झाली होती.

"काय झालं, विचार त्यांना," तो मला म्हणाला.

मी विचारायच्या आत साहेब मराठीत पुटपुटले, "पाणी कमी पडलं म्हणा. जास्त बोलू नका."

शेतकरी मात्र माझ्याकडंच बघून बोलले. "पाण्याचं काय न्हाई, मॅडम. पाणी बराबर देल्तं. मी तर लावतानाच तुमच्या हपिसात जाऊन सांगितल्तं, या उन्हात फळ धरत न्हाई. ते म्हणले, बाहेर देशातून हुकूम आलाय, लावा."

साहेब दुसरीकडं बघायला लागले. प्रमुख माझ्याकडं बघत होता. मी एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, हुकमासकट.

तो उभा राहिला. "म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "आणि मी तुला सांगितलं होतं. जानेवारीत. दोनदा."

"तू अवघड म्हणालीस. अवघड म्हणजे नाही, असं होत नाही."

"आमच्यात होतं."

"मग तिथं ‘नाही’ म्हणायचं होतंस."

इतके महिने त्याच्यासमोर बसले, त्याला एकदाही वाटलं नाही की या बाईला पुन्हा विचारावं. तो चुकीचं बोलत नव्हता आणि मीही चुकीचं बोलत नव्हते, आणि मधल्या मधे एक एकर वाया गेलं होतं. शेतकऱ्यांनी आम्हाला चहा पाजला. प्रमुखानं दोन कप घेतले आणि मला सांगितलं, "त्यांना म्हण, पुढच्या वेळी थेट मला कळवा." मी ते सांगितलं. शेतकरी म्हणाले, "कोणत्या भाषेत कळवू?" हेही मी त्याला सांगितलं. तो हसला नाही, विचारात पडला.

परतीच्या जीपमध्ये साहेब माझ्याकडं पाठ करून प्रमुखाशीच बोलत राहिले. रात्री अण्णांकडं गेले तर बातमी तिथं पोचली होती. अंबडला बातम्यांना वेळ लागत नाही. "बाहेरच्या माणसापुढं साहेबाचं पाणी उतरवलं म्हणत्यात लोक," ते म्हणाले.

"शेतकरी जे बोलले तेवढंच मी सांगितलं."

"बिलकुल बराबर केलं," अण्णा म्हणाले. आईनं ताट वाढलं.

पुढच्या हंगामात लावणी सप्टेंबरमध्ये झाली आणि फळ चांगलं आलं. वरच्या बैठकीत त्याचं श्रेय ‘टीम’ला मिळालं. मी तिथं दुसरं वर्ष पुरं केलं. आता मीटिंगमध्ये प्रमुख मला मुद्दाम विचारायचा, "हो की नाही?" मी हो किंवा नाही म्हणायचे. शेजारच्या बाई म्हणाल्या, आता तू आमच्यासारखी झालीस. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

परत आले तर जुन्या कंपनीत माझ्यासाठी जागा नव्हती. "तुम्हाला आता इथं करमायचं न्हाई," साहेब गोड बोलून म्हणाले. जालन्यातच दुसऱ्या कंपनीत लागले. पहिल्या आठवड्यात तिथल्या मालकांनी एका वाणाबद्दल विचारलं, मी सरळ "नाही चालणार" म्हणाले. मालकांचा चेहरा पडला. नंतर एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन मला समजावलं, "मॅडम, असं तोंडावर बोलायचं नसतं. अवघड आहे म्हणायचं."

काही वर्षांनी जालन्यातल्या मस्तगडला एका लग्नात जुने साहेब भेटले. निवृत्त झाले होते. पंगतीत शेजारीच बसले, माझ्या नवऱ्याची, मुलांची चौकशी केली, आणि जिलेबी घेता घेता म्हणाले, "त्या दिवशी शेतात जरा सांभाळून घ्यायला पाहिजे होतं तुम्ही."

मी म्हणाले, "साहेब, तुम्हीसुद्धा."

त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि माझ्या वाटीत मठ्ठा घालायला सांगितला.