चाचीच्या दगडावरची अंघोळ

काष्टीत आमच्या शेजारी राहणारी पिंजाऱ्याची चाची कुणाही बाईला 'जेवलीस का?' असं विचारायची नाही. 'न्हालीस का?' असं विचारायची. चुकून 'नाही' म्हटलं की हात धरून परसात न्यायची. तिथं जांभळाखाली, तरटाच्या आडोशाला न्हाण्याचा दगड होता. त्यावरचं पाणी जिथं मुरे, तिथं खाटेएवढ्या जागेत चाचीची ब्राह्मी पसरली होती.

आमच्या कोरड्या मुलखात ब्राह्मी जगवायची म्हणजे हट्टच. तिला सावली हवी आणि सदा ओल हवी. चाची रोज उकिडवी बसून तिचे सरपटणारे धुमारे बोटानं चिखलात दाबायची. म्हणायची, "ही पाटलाच्या सुनंवानी हाय. जरा ऊन लागलं की तांबडी!" त्या पाल्याचं तेल अर्ध्या गावाच्या डोक्याला लागे. माझ्या आईला अर्धशिशी होती. त्या तेलाशिवाय तिला डोळा लागत नसे.

साबणाची चाची वैरीण. पुण्याहून आलेल्या माझ्या मामीचं मनगट हुंगून तिनं तिला दगडावरून उठवलं होतं. "फेस तुझ्या घरी कर बाई. हितं डाळीचं पीठ लाव."

मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. झाले ती अभ्यास करून. चाची मात्र गावभर सांगे, "माझ्या पाल्यानं झाली!" मी तिच्याशी भांडून थकले.

लढाईच्या दिवसांत एक उन्हाळा फार कडक गेला. विहिरीचा तळ दिसला. चाचीच्या घरी नवराबायको दोघंच, त्यांच्या अंघोळीचं पाणी पुरेना. ब्राह्मी कडेनं करपू लागली. प्यायचं पाणी झाडाला घालणं चाचीला पाप वाटे. मग ती घरोघर फिरली. "पानी तुमचंच आना, पन न्हा माझ्या दगडावर. पाठ मी चोळून दीन!" बायका हसल्या, पण आल्या. आठवड्याभरात घागरींची रांग लागली.

आम्ही गुरव. देवाची पूजा आमच्याकडं, आणि चाची मुसलमान. आई म्हणाली, "चाची, तुमच्याकडं न्हायचं म्हंजे घरी यिऊन मला परत न्हावं लागंल."

चाची म्हणाली, "मग तर झ्याकच की, गुरवीनबाई! ते दुसरं पानीबी हिकडंच घिऊन या."

आई फणकाऱ्यानं आत गेली. मला हसू आवरेना, म्हणून बोलणी मी खाल्ली.

ब्राह्मी निम्मी गेली तेव्हा चाचीनं पाला खुडणं थांबवलं. तेल संपलं आणि नेमकी आईची अर्धशिशी उठली. चाचीनं स्वतःपुरती ठेवलेली शेवटची वाटी आणून आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन चाचीच्या परसात गेली. आली ती ओल्या केसांनी थेट देवापुढं बसली.

मी विचारलं, "आई, परत न्हायचं व्हतं ना?"

"पानी काय फुकट हाय?" ती म्हणाली आणि घंटा वाजवली.

ब्राह्मी तगली. पुढं चाची गेली. आई मात्र शेवटपर्यंत रोज सकाळी आधी त्या दगडावर न्हायची आणि मग पूजेला बसायची.