डिकीतलं तळं

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, एक रीत आहे. वडगाव रासाईहून जावई दौंडला निघाला की त्याची डिकी रिकामी जाऊ द्यायची नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, रानात असेल ते उपटायचं, पोतं हौदात बुचकळायचं, त्यात भाजी गुंडाळायची आणि डिकीत ठेवायची. घरी पोचेपर्यंत भाजी अशी टवटवीत, की तिला आपण अजून रानातच आहोत असं वाटावं.

मागच्या वर्षी डिकीला वास यायला लागला. ओल्या मोज्यांसारखा. खालचा गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. गाडीतलं मला फार कळतं, अशी माझी घरात ख्याती आहे; ती मीच पसरवलेली. लगेच निदान केलं: आबांचं पोतं.

हे घरात बोललो असतो तर चाललं असतं. मी ते बोललो मेव्हणीच्या मुलाच्या जावळात, पंगत बसलेली असताना.

"आबा, भाजी द्या, पण तळं देऊ नका बरं का! तुमच्या पोत्यानं गाडी सडली माझी."

पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं मी. आबा वाढत होते. "व्हय, व्हय," म्हणाले आणि बुंदीची बादली घेऊन पुढच्या ओळीत गेले.

त्यानंतर डिकीत काही येईना. आबा दौंडला आले की एसटीनं यायचे, मांडीवर कोरडी पिशवी घेऊन. आतल्या भाजीनं मान टाकलेली असायची. ती निवडताना बायको माझ्याकडे बघायची, आणि मी टीव्हीकडे.

मग एकदा पावसाची झड लागली. आबा तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. बायकोनं छत्री घ्यायला डिकी उघडली आणि तिथूनच हाक मारली, "अहो, स्टेपनी पोहतीये! आता हे कुणाचं पोतं?"

पाऊस थांबल्यावर तपासणी ठरली. मागची सीट पाडून मी टॉर्च घेऊन डिकीत शिरलो. म्हणजे डोकं शिरलं. पोट बायकोनं ढकललं. बाहेर आबांनी पाण्याचा पाइप धरला. मागच्या दिव्यांवर मारून झालं, काचेच्या कडेनं मारून झालं, आत कोरडं ठणठणीत. पत्र्यापलीकडचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"बाय, ही वरची पट्टी कशापायी बसवलीया गं?"

"मागनं गाडी पुढाऱ्याची दिसावी म्हणून."

"दिसती का?"

"मागनं बघतंय कोण, आबा! धरा बरं त्या पट्टीवर पाणी."

पहिला थेंब माझ्या नाकावर पडला. टॉर्च वर केला. पट्टीच्या बोल्टाभोवती गंजाची तांबडी रेघ होती, चांगली मुरलेली. ती पट्टी, म्हणजे डिकीच्या झाकणावरचा शोभेचा स्पॉयलर, मी हौसेनं बसवून घेतली होती. दुकानदार बोल्टाखाली रबराची चकती आणि सिलिकॉन लावतो म्हणत होता. पण मला पट्टीसकट एका साखरपुड्याला वेळेवर मिरवायला जायचं होतं. "राहू दे ते रबर-बिबर, आवळ तू," असं मीच म्हणालो होतो.

पडल्या पडल्या ठरवलं, बाहेर जाऊन म्हणायचं, दिव्याचं रबर गेलंय. तेवढ्यात बायकोनं मागच्या दारातून डोकं आत घातलं. मी उताणा, आणि बोल्टावरून थेंब थेट माझ्या कपाळावर.

"बंद करा, आबा," ती ओरडली. "सापडलं. तुमच्या जावयाच्या पट्टीतनं येतंय."

मी उलटा सरकत, आधी पाय, मग बाकीचा, असा बाहेर आलो. वाटलं, आता आबा पंगतीचं काढणार. काढायलाच हवं होतं. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या बनियनकडे पाहिलं.

"पोत्याचं बी असंल थोडं, पाव्हणं," ते म्हणाले आणि पाइप गुंडाळायला लागले.

ते रागावले असते तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

पट्टी काढली, गंज घासला, चकत्या घालून सिलिकॉन भरलं, वाळू दिलं. पुन्हा पाणी मारलं, डिकी कोरडी राहिली. आबांची माफी मागायची तेवढी राहिली. घशापर्यंत यायची आणि "आबा, चहा घेणार?" होऊन बाहेर पडायची.

पुढच्या वेळी वडगावहून निघताना मी स्वतः पोतं हौदात बुचकळलं आणि मेथी गुंडाळायला घेतली. ओट्यावर मेव्हणी होती, शेजारचे मामाही होते. म्हटलं, आता सगळ्यांदेखत बोलायचं. "आबा, पोतं ओलंच पाहिजे. ते पाणी तुमचं नव्हतं, माझ्या पट्टीचं होतं."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. मग घरात जाऊन खताची रिकामी प्लॅस्टिकची गोणी घेऊन आले, डिकीत चारी कोपरे सारखे करून अंथरली, आणि तिच्यावर पोतं ठेवलं.

अजूनही प्रत्येक वेळी ते गोणी अंथरतात. मी बाजूला डिकीचं झाकण धरून उभा असतो.